पाहुण्यांचं वायफाय

चिनी नववर्षाचा दुसरा दिवस म्हणजे तैवानच्या तैनान शहरात माहेरवाशिणींचा दिवस. वेन-छी नवऱ्याला आणि संत्र्यांच्या दोन पेट्यांना घेऊन आली खरी, पण जेवणासाठी नव्हे. आई मुळ्याची वडी कशी करायची याचा एकुलता एक व्हिडिओ देव्हाऱ्याखालच्या काळ्या डब्यात, म्हणजे बाबांच्या घरगुती सर्व्हरमध्ये, होता. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि तिचा आवाज आता दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

लॅपटॉप उघडला, तर नेटवर्कच्या यादीतून डबा गायब.

"रुसलाय," लियाओबाबा म्हणाले. तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. यंत्रावर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवला की यंत्र गुणानं वागतं, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. त्यांनी डब्यावरचं पाकीट उचलून तारीख वाचली. "बघ, मुदत संपली! जावईबापू, पळा. हिरवंच आणा हं, पिवळं आणलंत तर डबा संपावर जाईल."

पो-जुंग पळाला. नवं पाकीट डब्यावर विराजमान झालं, पण यादी रिकामीच. वेन-छी बाबांकडे वळली.

"बाबा, बिघडवलात ना? खरं सांगा!"

"मी? सकाळीच यातली गाणी ऐकली!" त्यांनी रिमोट दाबला. टीव्हीवर डबा ठणठणीत हजर.

मग तिलाच का दिसेना? दाराशी टांगलेल्या कार्डावरचा पासवर्ड तिनं टाकला होता. ते कार्ड तिनं आता नीट वाचलं. वर लिहिलं होतं, 'पाहुणे'. त्या वायफायवर इंटरनेट मिळतं, घरातली यंत्रं दिसत नाहीत.

"मला पाहुण्यांत काढलंत?"

"लग्न झालेली लेक म्हणजे ओतलेलं पाणी, परत घरचं होत नाही. तुझी आजीच म्हणायची."

"वायफाय लावायला आजी आली होती?"

बाबा उगाच खोकले. "मग घे घरचं. पासवर्ड तुझी जन्मतारीख. जुनाच आहे, बदलायचा राहिला."

राउटर तर गेल्याच महिन्यात आणलेला. वेन-छीनं आकडे टाकले.

डबा दिसला, व्हिडिओ लागला. पडदाभर बाबांचा अंगठा, आणि त्यामागून आई कडाडली, "अहो, बोट काढा आधी! पोरीला मुळा दिसू दे, तुमचं नख नको!"

बापलेक पोट धरून हसले, आणि हसता हसता रडले.

"मलाही सांगा ना घरचा पासवर्ड," आतून संत्री सोलून आलेला पो-जुंग म्हणाला.

"बायकोची जन्मतारीख," बाबा नाक पुसत म्हणाले. "टाका."

पो-जुंगनं मोबाइलवर दोनदा आकडे टाकले, दोनदा खोडले. मग त्यानं हळूच दाराशी जाऊन पाहुण्यांचं कार्ड काढून आणलं.