सव्वीस मेंढरांची गाडी

कुंभारीजवळ सडकेच्या कडेला गाडी बंद पडली ती पडलीच. इंजिन जाम. एप्रिलची दुपार, हौद्यात सव्वीस मेंढरं, त्यातली सात गाभण. गावाकडची विहीर आटली म्हणून मायाक्का आणि तिचा नवरा सिद्धप्पा त्यांना माळशिरसला नेत होते. तिथे तिच्या भावाच्या रानात पाणी होतं, चाऱ्याला उसाचं वाढं होतं.

लग्नसराईत भाड्याचा एकही टेम्पो रिकामा नव्हता. सिद्धप्पाने ओळखीच्या सगळ्यांना फोन लावून पाहिले. मेंढरं उतरवून लिंबाखाली आणली, पण त्या सावलीत दहासुद्धा मावेनात.

"सोलापुरात बसवेशकडं जा," तो म्हणाला. "गाडी घिऊनच ये."

"मी एकटी? गाडी तुमी निवडणार हुता की."

"मेंढरं सोडून कसा येऊ?"

दुसरी गाडी घ्यायचं वर्षभर घाटत होतं. सिद्धप्पाला डबल केबिनची हवी होती. मागे मेंढरं, पुढे घरची माणसं. जन्मभर मेंढरंच न्यायची-आणायची का, एकदा पोरींना समुद्र दाखवू, असं तो म्हणायचा. मायाक्कालाही ते पटायचं.

मिळेल त्या वाहनाने ती सोलापूरला आली. जुन्या गाड्या विकणाऱ्या बसवेशच्या आवारात एक पांढरी डबल केबिन समोरच उभी होती. आत एसी, मऊ सीटा. मायाक्काने हौदा पावलांनी मोजला. कोंबून तेरा मावली असती. म्हणजे दोन खेपा, आणि माळशिरस तीन तासांवर.

कोपऱ्यात एक मातकट गाडी होती. लांब हौदा, स्प्रिंगचे जाड पाटे, पुढे जेमतेम दोघांची जागा. मायाक्काला गाडी चालवता यायची. तिने ती सुरू केली, आवारातल्या खड्ड्यांतून दोनदा फिरवली. कुठे खडखड नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"दोन गेली." सिद्धप्पाचा आवाज ओळखू येईना. "तिसरी बसलीय, उठंना. गाभण हाय गं."

ती धावत बसवेशकडे गेली. "ही दे. आत्ता."

"अक्का, हिच्या मालकाची सही उद्या हाय. पांढरी न्या की, तिचे कागद तयार हायती."

"तिच्यात निम्मी बसत्यात. बाकीची मरू देऊ व्हय?"

"सहीबिगर मी कशी देऊ? मला अडचणीत घालू नका."

मायाक्काने हात जोडले. "मग मला देऊच नको. तूच चालव. चावी तुझ्याच खिशात ठेव. माळशिरसला मेंढरं उतरव आन् गाडी परत घिऊन ये. पाया पडते तुझ्या."

बसवेशने मालकाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग त्याने ऑफिसला कुलूप घातलं.

ते कुंभारीला पोचले तेव्हा तीन मेंढरं ओळीने पडलेली होती, त्यांच्यावर सिद्धप्पाचा पटका पसरलेला. प्यायचं पाणीसुद्धा त्याने बाकीच्यांच्या डोक्यावर ओतलं होतं. वाटभर कुरकुरणाऱ्या बसवेशने बाह्या सारल्या आणि एकेक मेंढरू उचलून आत ठेवायला लागला.

पुढे दोघांचीच जागा, म्हणून सिद्धप्पा हौद्यात बसला. एका मेंढीला मान धरवत नव्हती. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो उन्हात बसून राहिला. मोहोळजवळ पेट्रोल पंपावर थांबून त्यांनी सगळ्यांवर बादल्यांनी पाणी मारलं. मांडीवरची मात्र पुढच्या वाटेत गेली.

दिवस मावळताना माळशिरसला तिच्या भावाने मेंढरं पाण्यावर नेली. मायाक्का पुन्हा पुन्हा मोजत होती. बावीसच भरत होती.

उन्हात बसून आखडलेल्या सिद्धप्पाला खाली उतरता येईना. तिने आणि बसवेशने त्याला धरून उतरवलं.

"मला यायला उशीर झाला वो," ती म्हणाली.

"आलीस की तू," तो म्हणाला, आणि मेहुण्यासमोर, परक्या माणसासमोर हुंदके देऊन रडायला लागला.