खंडेनवमीचा झेंडू

नवसाबाईंनी टोपलं कारखान्याच्या फाटकातच खाली ठेवलं आणि वॉचमनला म्हणाल्या, "शेठला बोलाव. ते आल्याबिगर मी इथून हालायची नाय."

अंबडच्या एमआयडीसीच्या टोकाला, जिथे शेड संपतात आणि मळे सुरू होतात, तिथे मनोजशेठचा पावडर कोटिंगचा कारखाना होता. भिंतीपलीकडचा मळा नवसाबाईंचा. शेठ बाहेर आले ते हसतच. त्यांच्यामागून कारखान्याची केमिस्ट योगिनी आली आणि टोपल्याकडे पाहून जागीच थांबली. टोपल्यात झेंडू होता, पण बघवत नव्हता. पिवळ्याधमक पाकळ्यांवर तेलकट काळे ठिपके बसले होते, जणू कुणी काजळाची बोटं पुसली होती.

"काल तुमचा धूर आला," नवसाबाई म्हणाल्या. "फुलबाजारात व्यापारी टोपल्याला हात लावंना. धुवावी तर कुजत्यात. ऐन दसऱ्याचं फूल हाय, शेठ."

"मावशी, आमच्याकडे धूर निघतच नाही. काल तर सुट्टी होती. या मॅडमना विचारा, केमिस्ट आहेत. पावडरला थिनर लागत नाही. वास नाही, धूर नाही. होय ना, योगिनी मॅडम?"

वाक्य योगिनीचंच होतं. तिने ते बँकेत सांगितलं होतं, गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, शेठना तर तोंड दुखेपर्यंत सांगितलं होतं. आधी इथे साधा रंग मारत. फवारलेल्यातला बराचसा रंग जॉबवर, म्हणजे रंगवायच्या लोखंडी भागावर, न बसता हवेत जाई, थिनरच्या वासाने पोरं डोक्याला फडकं बांधून काम करत, आणि रंगाच्या गाळाचे ड्रम कुठे टाकायचे हे कुणालाच माहीत नसे. पावडर कोरडी. विजेच्या भाराने लोखंडाला चिकटते, ओव्हनमध्ये वितळून पक्की होते. खाली पडेल ती ओढून घ्यायची, चाळायची, पुन्हा वापरायची. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर ते आत्ता शेठच्या तोंडून तिला ऐकवेना.

तिने एक फूल उचललं आणि पांढऱ्या रुमालावर घासलं. रस्त्याची धूळ असती तर मातकट डाग पडला असता. हा काळा होता आणि पसरत होता.

"मी बघते, मावशी."

"बघा. समदे बघत्यातच."

शेडच्या मागे, भिंतीलगत, अर्धा कापलेला ड्रम होता. आतली राख अजून कोमट होती. राखेत हूक होते.

हे हूक म्हणजे जॉब टांगायचे लोखंडी आकडे. जॉबबरोबर त्यांच्यावरही पावडर बसते, भाजली जाते, थरावर थर चढतात. मग वीज आरपार जात नाही आणि नव्या जॉबला पावडर धरत नाही. ते थर जाळून हूक उघडे करावेच लागतात. त्यासाठी सातपूरला भट्टी होती. तिथे निघालेला धूर पुन्हा जाळून मगच बाहेर सोडतात. दर आठवड्याला आपला टेम्पो तिकडे जातो असं योगिनी समजून चालली होती.

तिने राखेतून एक हूक उचलला, तेवढ्यात लाइनवरचा सुपरवायझर संतोष मागून आला.

"टेम्पो कधीपासून बंद आहे?"

"झाले दोन महिने, ताई. शेठ म्हणाले, सुट्टीच्या दिवशी इथंच पेटवा. तुम्ही नसता ना सुट्टीला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रागावल्या असत्या."

"आणि आता?"

"आता पण रागावल्याच की," संतोष जमिनीकडे बघत म्हणाला.

शेठ केबिनमध्ये फोनवर होते. तिने हूक त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवला. त्यांनी फोन खाली ठेवला.

"अहो, चार हूक जाळले, एवढं काय? पावडर थोडीच जाळतोय आपण?"

"हुकावर काय असतं, शेठ?"

"बरं, असेल. फुलं झटकून विकायची. त्या मावशीला दरवर्षी काहीतरी लागतंच. उद्या खंडेनवमी आहे, पूजेला पुण्याहून पल्लवी मॅडम येतायत, आपलं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या कंपनीला पर्यावरणाचं भारी वेड. तुम्ही तुमचं नेहमीचं छान बोला. हुकांचं दसऱ्यानंतर बघू." मग आठवल्यासारखं म्हणाले, "आणि यंत्रांच्या हारांची फुलं तुम्हीच बघा."

योगिनीचे कान तापले होते. इतक्या वर्षांत तिने आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"बघते," ती म्हणाली.

संध्याकाळी ती मळ्यात गेली. "मावशी, सगळी टोपली द्या. बाजारभावाने."

"काळी फुलं देवाला वाहता व्हय?"

"देवाला चांगली आणली आहेत. ही यंत्रांना."

नवसाबाईंनी टोपली भिंतीशी आणून ठेवली.

सकाळी संतोषने हार ओवले. ओवता ओवता त्याची बोटं काळी झाली. ओव्हनला हार, कॉम्प्रेसरला हार, पावडर फवारायच्या बूथला सगळ्यात मोठा हार. शेठ पांढऱ्या सदऱ्यात आले, पाहिलं, आणि तोंड उघडेपर्यंत पल्लवीची गाडी फाटकात वळली होती.

आरती झाली. पल्लवीने बूथवरचा हार कौतुकाने सारखा केला आणि हात मागे घेतला. तळवा काळा झाला होता.

"हे काय?"

"रस्त्याची धूळ हो," शेठ म्हणाले. "एमआयडीसी म्हटलं की चालायचंच."

"धूळ नाही, काजळी आहे," योगिनी म्हणाली. "आम्ही मागच्या बाजूला ड्रममध्ये हूक जाळतो. शेजारच्या मळ्यातली ही फुलं आहेत."

"पण तुम्हीच तर सांगत होता, पावडरमुळे हवेत काही जात नाही."

"सांगत होते. थिनर नाही हे खरंच आहे. पण तीच भाजलेली पावडर मागच्या दारी उघड्यावर जाळायची आणि पुढच्या दारी माझं खरं वाक्य टांगायचं, हे मला चालणार नाही."

पल्लवी मागे जाऊन ड्रम बघून आली. भिंतीवरून मळाही पाहिला. "हूक भट्टीतून येईपर्यंत आमचे जॉब लावू नका," एवढंच ती म्हणाली. प्रसाद तिने गाडीतच घेतला.

गाडी गेल्यावर शेठ योगिनीजवळ आले. "घरचं भांडण पाहुण्यांसमोर काढलंत."

"काल मावशी फाटकात उभ्या होत्या, तेव्हा घरचंच होतं. तुम्ही त्यांना आत घेतलं नाही."

शेठ केबिनमध्ये गेले. दार आपटलं. लाइनवरची माणसं पेढे खात दुसरीकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे सुट्टी, म्हणजे ड्रमचा दिवस. योगिनीने भट्टीवाल्यांना फोन केला, हूक आजच उतरवून घ्या म्हणाली, आणि टेम्पो मागवला. हूक पोत्यांत भरून चढवले जात असताना भिंतीपलीकडून नवसाबाईंनी हाक मारली.

"ताई, शेवंती अजून कळीत हाय. दिवाळीला यायची. परत पेटवतील का वो?"

"ठाऊक नाही, मावशी," योगिनी म्हणाली. खोटा धीर तिला देता येईना. "पेटवलं तर मला लगेच हाक मारा. सुट्टी असली तरी."

ती टेम्पोच्या पुढच्या दाराशी गेली. संतोष आधीच ड्रायव्हरशेजारी बसला होता.

"तुम्ही कशाला, ताई? मी जातो ना."

"दोन महिन्यांपूर्वीही तूच जात होतास, आणि जाणं बंद झालं ते मला कळलंही नाही. सरक."