पाणी काढलंय

देवांगने स्वयंपाकघरातला नळ गरम पाण्याच्या बाजूला पूर्ण फिरवला आणि धारेखाली बोटं धरून उभा राहिला. जर्सी सिटीहून व्हर्जिनियातल्या हर्नडनपर्यंत गाडी चालवून हात आखडले होते. पाणी थंड आलं, आणि थंडच येत राहिलं.

"गीझर बंद आहे," मागून त्याचे वडील, रवींद्र, म्हणाले. "लावू का? वीस मिनिटं थांबावं लागेल."

तळघरात उभ्या असलेल्या त्या टाकीला अमेरिकेत कुणी गीझर म्हणत नाही आणि कुणी ती बंदही करत नाही. ती आपली रात्रंदिवस पाणी तापवत बसते, घरात कुणी असो की नसो. रवींद्रांना हे इथे आल्यापासून खुपत आलं होतं. अंघोळीआधी गीझर लावायचा आणि अंघोळ झाली की बंद करायचा, ही पुण्याची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. पण त्यांची बायको, लतिका, असेपर्यंत त्यांची मात्रा चालली नाही. गरम पाण्याचं सुख हे एवढंच तर मिळालंय या देशात, तेही मोजून द्याल का, असं ती विचारायची. ऑगस्टमध्ये ती गेली. हिवाळा लागला, विजेचं बिल वाढत गेलं, आणि मग रवींद्रांना अडवणारं घरात कुणी उरलं नाही.

बिल सगळ्यांचंच वाढलं होतं. गावाभोवती डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि आपण त्यांचीच वीज भरतोय असं गल्लीतला प्रत्येक जण म्हणत असे. रवींद्र त्यांना 'बिनखिडक्यांचे शेजारी' म्हणत. त्या शेजाऱ्यांवर काही इलाज नव्हता, म्हणून ते स्वतःच्या घरावर तुटून पडले होते. गराजमधला दुसरा फ्रिज बंद केलेला. वरच्या दोन खोल्यांच्या गरम हवेच्या झडपा मिटलेल्या. ड्रायर नुसता उभा, आणि तळघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून त्यावर शर्ट वाळत घातलेले. डिशवॉशर तर आधीपासूनच धुतलेली भांडी निथळत ठेवायच्या कामाला होता, त्यामुळे तिथे काही वाचवण्यासारखं नव्हतं. ते स्वतः घरात स्वेटरवर स्वेटर आणि कानटोपी घालून वावरत होते, गुरखा पहाऱ्यावर निघावा तसे.

देवांगला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते त्याला ठाऊक होतं. लतिकाच्या आजारपणात साठवलेलं बरंचसं गेलं होतं. मुलाकडून एक डॉलर घ्यायला रवींद्र तयार नव्हते. एवढं मोठं घर एकट्याने तापवत बसण्यापेक्षा विका आणि आमच्याकडे या, असं देवांगने दिवाळीत सांगितलं होतं. बराच वाद झाला, आणि शेवटी रवींद्रांनीच मुदत मागून घेतली. मार्चपर्यंत बघू, बिल आवाक्यात आलं तर मी इथेच राहतो, नाही तर तू म्हणशील तसं. बिलाचं अकाउंट देवांगच सांभाळायचा, म्हणजे निकालही त्याच्याच फोनवर लागणार होता.

चहा झाल्यावर त्याने फोन काढून टेबलावर ठेवला. कुठल्या तासाला किती वीज गेली त्याचा ग्राफ त्यावर दिसत होता. हीटिंग गॅसवर असल्यामुळे विजेची रेघ दिवसभर सपाट होती. फक्त सकाळी दोन टेकाडं होती. एक उजाडता उजाडता, दुसरं साडेनऊच्या सुमारास. दोन्ही सारख्याच उंचीची, आणि रोज.

"हे पहिलं म्हणजे तुमची अंघोळ, राइट? मग हे दुसरं काय आहे?"

रवींद्रांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि ग्राफकडे न बघता म्हणाले, भांडी असतात, हे असतं, ते असतं.

देवांगने सिंककडे पाहिलं. एक कप, एक बशी, एक छोटा कुकर. विषय बदलावा म्हणून त्याने खिडकीतल्या कढीपत्त्याचं कौतुक केलं. लतिकाने बी लावून वाढवलेलं ते झाड दर हिवाळ्यात खराटा व्हायचं. यंदा फेब्रुवारीतही हिरवंगार होतं.

"पाणी मिळतंय त्याला," रवींद्र म्हणाले.

सकाळी देवांगला उशिरा जाग आली. पांघरूण नाकापर्यंत ओढून तो पडून होता, तेवढ्यात जिन्यातून वडिलांची हाक आली.

"पाणी काढलंय गं."

ही हाक त्याच्या ओळखीची होती. लहानपणी ती त्याच्यासाठी असायची. शॉवरने अंग नीट स्वच्छ होत नाही या मतावर घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं, त्यामुळे टबमध्ये बादली आणि तांब्या कायमचे मुक्कामाला असत. रवींद्र बादली भरत आणि हाक मारत. शाळेत इंग्रजी आणि घरी मराठी अशा गोंधळात वाढलेल्या देवांगला वाटायचं, काढलंय म्हणजे काढून टाकलंय. पाणी संपलं म्हणून तो खुशाल खेळत बसायचा. पुढे घरात त्याची थट्टाच झाली. लतिका कुणी पाहुणे आले की सांगायची, आमच्याकडे पाणी काढलं की मुलगा अंघोळीची गोळी घेतो.

तो उठला. आपल्यासाठी बाबांनी गीझर लावला याचं त्याला बरं वाटलं. बाथरूममध्ये बादली काठोकाठ भरलेली होती आणि वाफेने आरसा धुरकटला होता. शेजारी प्लास्टिकचं पांढरं स्टूल मांडलेलं, त्यावर घडी केलेला पंचा. तो स्टूलवर बसला आणि मनसोक्त अंघोळ केली. थंड घरात ते पाणी अंगावर घेताना त्याला आई आठवली, आणि आठवली तरी त्रास झाला नाही, असं बऱ्याच महिन्यांनी झालं.

शेवटचा तांब्या ओतताना त्याची नजर स्टूलच्या पायांकडे गेली. खाली रबरी बूट बसवलेले होते, घसरू नये म्हणून. हे स्टूल आईला शॉवरखाली उभं राहवेना तेव्हा बाबांनी आणलं होतं. आणि मग त्याला ती हाक परत ऐकू आली, या वेळी पुरती. गं. बाबा त्याला कधी गं म्हणाले नव्हते. मुलाला रे म्हणतात. मराठी कितीही कच्चं असलं तरी एवढं त्यालाही कळत होतं.

तो रिकाम्या बादलीकडे बघत ओल्या अंगाने बसून राहिला. आईचं पाणी आपण संपवलं, असा वेडा विचार त्याच्या मनात आला आणि तो काही केल्या जाईना.

बाहेर आला तर रवींद्र जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी त्याचे ओले केस पाहिले. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की देवांगने मान खाली घातली.

"झाली का अंघोळ?" ते म्हणाले. "बरं झालं. कुणाच्या तरी कामी आलं."

दोघं नाश्त्याला बसले. पोहे रवींद्रांनी केले होते आणि मीठ घालायचं राहिलं होतं, तरी दोघांनी ते तसेच खाल्ले. देवांगला खूप काही बोलायचं होतं. ते इंग्रजीत बोललं तर परकं वाटलं असतं आणि मराठीत त्याच्याकडे तेवढे शब्द नव्हते. जे सोपं होतं तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"बाबा, ते सेकंड टाइम नका लावू. एकदाच लावा. बिल उगाच वाढतंय."

म्हणताक्षणी त्याला ते परत घ्यावंसं वाटलं. पण रवींद्र शांतपणे मान हलवून बरं म्हणाले. निघताना त्यांनी नेहमीसारखा डबा दिला, टायर बघितले, पोचल्यावर फोन कर म्हणून सांगितलं. गाडी वळेपर्यंत ते ड्राइव्हवेवर कानटोपी घालून उभे होते.

त्यानंतर देवांग रोज ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये ग्राफ उघडायचा. आधीच्या दिवसाची रेघ तोवर आलेली असायची. पहिल्या दिवशीच टेकाड एक झालं होतं. दुसऱ्या दिवशीही एकच. बाबांनी शब्द पाळला होता. हे आपल्यालाच हवं होतं असं त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. शहाणपणाचं होतं, कधीतरी करायलाच हवं होतं. तरी त्या सपाट झालेल्या जागेकडे तो बघत बसायचा. आई दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी आपण तिला घालवली, असं त्याला वाटत राहिलं.

त्या आठवड्यात व्हर्जिनियात बर्फ पडलं. तळ्यांवर जाड थर जमला आणि शाळा बंद राहिल्या. देवांगने सवयीने ग्राफ उघडला. एकच टेकाड. फोन खिशात ठेवता ठेवता तो थांबला, आणि त्याने टेकाडाखालची वेळ पाहिली.

साडेनऊ.

त्याने आदला दिवस पाहिला, त्याच्या आधीचा पाहिला. सगळीकडे तेच. उजाडतानाची रेघ सपाट होती, आणि बाबा उजाडता उजाडता अंघोळ करतात. जन्मभर करत आलेत, तापात फणफणले तरी सोडली नाही.

पुढच्या स्टेशनवर तो उतरला. माणसांच्या वाटेतून बाजूला होऊन खांबाला टेकला आणि त्याने फोन लावला. पलीकडून आलेला आवाज नाकात बसलेला होता.

"सर्दी झालीय?"

"हवाच तशी आहे रे."

"अंघोळ झाली तुमची?"

"कधीच."

"कुठल्या पाण्याने?"

रवींद्रांनी खाकरून घसा साफ केला, आणि मग चूक नसताना जाब द्यावा लागलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "एकदाच लावतो मी. तू सांगितलंस तसं."

देवांगचे डोळे भरून आले. समोरून दुसरी गाडी आली, माणसं उतरली, चढली. त्याने ती जाऊ दिली.

"बाबा, मार्चचं राहू दे."

"म्हणजे?"

"घराचं. ते राहू दे. आणि दोनदा लावा गीझर." पुढचं वाक्य नीट यावं म्हणून त्याने ते आधी मनात म्हणून पाहिलं. "दोघांचं पाणी काढत जा."

पलीकडे रवींद्रांनी नाक शिंकरलं.

"ठेवतो रे," ते म्हणाले. "तिचं पाणी निवलं असेल आता. कढीपत्त्याला घालायचंय."