ओळखीची बाल्कनी

दुकानात बघितल्या तर सगळ्याच दुर्बिणी छान वाटतात. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्याही भिंगातून ठसठशीत दिसतं. खरी परीक्षा होते ती उघड्यावर, उन्हावाऱ्यात. भटक्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ती तंबू, बूट, पाठपिशव्या पारखून लिहायची. लिहिताना कुणाची भीडभाड ठेवायची नाही.

या खेपेला मासिकानं खिशात मावतील अशा पाच दुर्बिणी धाडल्या होत्या. त्या पिशवीत भरून ती गावाबाहेरच्या टेकडीवर निघाली, तर सासूबाई आधीच बूट घालून दारात हजर.

"चष्मेवाल्यांच्या वतीनं कोण बोलणार?" त्या म्हणाल्या. "तुझे डोळे घारीचे. तुला काय कळणार आमची रड?"

मुद्दा बिनतोड होता. चष्म्यावरून पाहणाऱ्याला बऱ्याच छोट्या दुर्बिणींत निम्मंच चित्र दिसतं, वर एक काळी चंद्रकोर नाचत राहते ती वेगळीच. शिवाय नवरा जहाजावर, घरात या दोघीच. एकटीनं मागं राहायचं सासूबाईंच्या जिवावर यायचं.

टेकडीवर पाण्याच्या टाकीजवळ तिची ठरलेली जागा होती. तिथून त्यांची इमारत आणि तिसऱ्या मजल्यावरची त्यांची बाल्कनी अगदी समोर दिसे. रंग खरा दिसतो का हे ठरवायचं, तर तो आधी पाठ असलेला बरा, असं तिचं मत. म्हणून निघताना ती बाल्कनीतल्या दोरीवर मुद्दाम एक लाल टॉवेल टाकून यायची.

पहिल्या दुर्बिणीची बिजागरी सैल निघाली. डोळ्यांना जुळवली की आपली आपण मिटायची. "दुर्बीण आहे की चिमटा?" सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. दुसरीतून टॉवेलला जांभळी कड दिसत होती. तिसरी हातात घेताच बरी वाटली. सासूबाईंनी तिच्या रबरी कडा मुडपल्या, ती चष्म्याला टेकवली आणि मधलं चाक फिरवलं.

"ही चांगली आहे. कडेपर्यंत दिसतंय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बाल्कनीचं दार उघडं टाकून आलीस का गं?"

"नाही आई. कडी लावली मी."

"मग ती कुठून आली?"

"कोण ती?"

सासूबाईंनी दुर्बीण तिच्या हातात दिली.

बाल्कनीत एक बाई पाठमोरी उभी होती. अंगात निळा स्वेटर, पिकलेल्या केसांचा एवढासा अंबाडा, डावा खांदा किंचित उतरलेला. मगातून कुंड्यांना पाणी घालत होती. घाई नव्हती तिला. एका रोपाची पिवळी पानं तिनं खुडली आणि स्वेटरच्या खिशात टाकली.

"स्वेटर माझा आहे," सासूबाई म्हणाल्या. आवाजात भीतीपेक्षा चीडच जास्त होती. "आणि तो माझ्या अंगावर आहे."

तिनं वळून पाहिलं. होता. कोपरावर रफू केलेला, तोच.

भिंगातच काही खोट असेल म्हणून तिनं जांभळ्या कडेची दुर्बीण पुन्हा काढली. बाई त्यातही होती, आणि टॉवेलला होती तशीच जांभळी कड तिच्या खांद्यांनाही होती. भासाला कड कशाला येईल?

त्यांच्या शेजारी एक शिंपीण राहायची. दोन्ही बाल्कन्यांमध्ये फक्त एक कठडा होता. तिनं शिंपिणीला फोन लावला.

"जरा बाल्कनीत येऊन आमच्याकडे बघता का? आत कुणी शिरलंय का, शंका येतेय."

शिंपीण बाहेर आली. गळ्यात टेप, कानाला फोन. कठड्यावरून वाकून तिनं पाहिलं. निळ्या स्वेटरातली बाई तिच्यापासून हातभर अंतरावर होती. पाणी घालायचं थांबून ती शिंपिणीच्या तोंडाकडे निरखून पाहत होती.

"कुणी नाही हो," फोनमध्ये शिंपीण म्हणाली. "दार बंद आहे. तुम्ही कुठं, टेकडीवर का? हात करू?" आणि तिनं हसत हसत हात हलवला.

शिंपीण आत वळली, तशी बाईनं दोरीवरचा टॉवेल काढला, झटकला, घडी करत आत गेली आणि दार लावून घेतलं.

घरी आल्या तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. बाल्कनीची कडी लागलेली. कुंड्यांतली माती मात्र ओली होती, आणि टॉवेल सासूबाईंच्या पलंगावर, उशीच्या बाजूला, घडी करून ठेवलेला. तीन पदरी लांब घडी, मग मधोमध दुमडलेली. अशी घडी घरात एकट्या सासूबाईच घालत. सुनेला ती कधी जमली नव्हती, आणि त्यावरून तिनं पुष्कळ ऐकूनही घेतलं होतं.

सासूबाई टॉवेलकडे बघत राहिल्या. मग बाल्कनीत जाऊन, कामवालीला बजावावं तशा स्वरात म्हणाल्या, "हे बघ बाई, बाहेर काय करायचं ते कर. माझ्या खोलीत यायचं नाही." आत येऊन त्यांनी पलंगावरची चादर बदलली.

उरलेल्या दोन दुर्बिणी बघायच्या राहिल्या होत्या. तिनं मासिकाला नाही म्हणून पाहिलं, पण अंक अडला होता. दोन-तीन दिवसांनी जायचं ठरलं, तर या वेळी सासूबाई अडून बसल्या.

"मी बाल्कनीत उभी राहते. तू वरून बघ. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

"आई, नको."

"घर माझं आहे. मी कशाला पळू?"

ती एकटीच टाकीजवळ पोहोचली. ऊन स्वच्छ होतं, वारा पडलेला. पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बाल्कनीत एक निळा ठिपका. तिला हायसं वाटलं. मग तिनं दुर्बीण लावली, चाक फिरवलं, आणि तो ठिपका उकलला.

दोघी होत्या. खांद्याला खांदा लावून.

तिनं फोन लावला. उजवीकडचीनं तो उचलून कानाला धरला.

"बोल गं. दिसतेय का मी?"

"दिसताय. आई, तुमच्याजवळ कुणी आहे का?"

"मी एकटीच आहे. का? काय दिसलं?"

डावीकडची फोनच्या दिशेनं झुकली. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकताना माणूस कान देतो, तशी. सासूबाईंच्या गालाला गाल लागेल इतकी जवळ.

"काही नाही," ती म्हणाली. "आई, फोन ठेवू नका. मी निघाले. बोलत राहा, काहीही बोला. रात्री जेवायला काय करायचं ते सांगा."

दुर्बिणी पिशवीत कोंबून ती उतारावरून धावत सुटली. फोनमध्ये सासूबाई कोबी चिरायचा की वांगी, याची चर्चा करत होत्या. मधेच एखादं वाक्य अर्धवट सोडत. मग ती ओरडायची, "आई, बोला ना!" आणि त्या पुन्हा सुरू व्हायच्या.

दार सासूबाईंनीच उघडलं. फोन अजून कानाला होता. तिनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. खोली रिकामी होती, बाल्कनीही.

"किती होत्या?" सासूबाईंनी विचारलं.

"एकच. तुम्ही."

"खोटं बोलू नकोस. उजवा गाल अजून गार आहे माझा."

तिनं हात लावून पाहिला. डावा गाल ऊबदार होता. उजवा माठाच्या बाहेरच्या अंगासारखा थंड.

दोघी बराच वेळ एकमेकींचा हात धरून बसल्या. मग सासूबाईच उठल्या आणि कोबी चिरायला घेतला.

लेख वेळेवर गेला. चष्मेवाल्यांनी तिसरी दुर्बीण घ्यावी, असं तिनं लिहिलं, आणि ते खरंही होतं. मासिकानं तीच भेट म्हणून देऊ केली. तिनं आभार मानून परत पाठवली.

घर काही त्यांनी सोडलं नाही. कुंड्या आता भरभरून फुलतात आणि त्यांना पाणी कुणी घालायचं यावर घरात चकार शब्द निघत नाही. संध्याकाळी सासूबाई बाल्कनीत बसतात. फक्त बसण्याआधी खुर्ची थोडी डावीकडे सरकवतात, आणि शिंपिणीनं कारण विचारलं तर म्हणतात, "असू दे. जागा लागते."