इंदूबाईच्या आठ गाण्यांची कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या कवचाला तडा गेला आहे, अंगावरील कागद पिवळा पडला आहे आणि माझ्या अंतःकरणात क्षमा नाही. मित्रांनो, वस्तूंची आत्मवृत्ते बहुधा सोशिक असतात. माझे तसे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१९९७ साली वलगावच्या उगवती गायन पार्टीने मला अमरावतीच्या एका दुकानातून कोरी आणली. उगवती पार्टी म्हणजे साऱ्या पंचक्रोशीची लाडकी. इतर पार्ट्या सुटी सुटी गाणी गात. हिने आठ गाण्यांत एकच कथा गुंफली. ती रचणारी इंदूबाई दिवसा शेतात तण काढायला, निंदणाला जाई आणि दुपारच्या सुट्टीत शेताच्या धुऱ्यावर बसून कडवी जुळवी. गाणारा होता प्रीतम. त्याने तान घेतली की ऐकणाऱ्याचा घास हातातच राही.

कथा अशी होती. तेल्हाऱ्याच्या कापूस-जिनिंगमध्ये राबणाऱ्या रमीचा उजवा हात यंत्रात जातो. मुकादम साफ सांगतो, ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. चौथे गाणे येथे संपे आणि माझी एक बाजूही. मला उलटून लावेपर्यंत आयाबाया जागच्या हलत नसत. आठव्या गाण्यात रमी त्याच मुकादमाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसते, तुटका हात पत्रावळीवर ठेवते आणि म्हणते, “वाढा.” मग सर्व वऱ्हाडासमक्ष मुकादमाला खरे बोलावे लागते.

आमच्याकडील रीतीप्रमाणे प्रत्येक गाण्याच्या अखेरच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव येई: ‘इंदू सांगे’.

माझ्यावरून पुष्कळ प्रती निघाल्या. जयंतीला, बारशाला, नव्या घराच्या प्रवेशाला माझाच आवाज. पुढे मोबाईल आले. पार्टी मोडली, बहुतेक प्रती कचऱ्यात गेल्या आणि मी इंदूबाईच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली गेले. उपेक्षेचे मला दुःख नव्हते. वस्तूचे प्राक्तनच ते.

परंतु गेल्या वर्षी भाजीवाल्या तानुबाईच्या मोबाईलवर इंदूबाईने तीच गाणी ऐकली. सूर तोच, गळा प्रीतमचाच. मात्र अखेरचे कडवे म्हणत होते, ‘प्रीतम सांगे’. आठही गाण्यांत.

इंदूबाईची मुलगी प्रियदर्शनी अंगणवाडीत काम करते. तिने प्रीतमला फोन लावला.

“काका, गाणे तर मायनं रचले होते न?”

“पोरी, तुया मायचं वय झालं. भ्रम होते मानसाले. काही पुरावा हाये का तुमच्यापाशी?”

इंदूबाईने ते ऐकले. तिच्या वह्या केव्हाच वाळवीने खाल्ल्या होत्या. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पेटी उघडली आणि मला बाहेर काढले. त्याच क्षणी माझ्या मनात सूड जागा झाला. प्रीतमचा तरुण गळा माझ्याच पोटात नव्हता काय?

बुद्धपौर्णिमेला वलगावच्या विहारात प्रीतमचा सत्कार ठरला होता, ‘रमीचा कवी’ म्हणून. मायलेकी मला घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या नत्थुजींकडे गेल्या. त्यांनी पेन्सिलीने माझी सैल फीत गुंडाळली आणि मान हलवली.

“फीत कुजली हाये, बाई. एक वेळ वाजन. दुसऱ्या वेळची ग्यारंटी नाही.”

“एकच वेळ पाह्यजे, भाऊ,” इंदूबाई म्हणाली.

समारंभाचे अध्यक्ष होते धर्मपाल, पार्टीचे जुने ढोलकीवाले; मायलेकींनी त्यांना आधीच गाठून सारे सांगितले होते. प्रीतमच्या खांद्यावर शाल पडताच त्यांनी माइकवर सांगितले, जुनी कॅसेट सापडली आहे, आठवे गाणे ऐकू या. प्रीतम हसला. स्वतःचे नाव म्हणून म्हणून ते त्याला स्वतःलाच खरे वाटू लागले होते.

“लावा, लावा! आमची जवानी ऐकू द्या पोराईले.”

नत्थुजींनी मला टेपरेकॉर्डरमध्ये घातले आणि मी फिरू लागले. फीत कुजलेली होती. परंतु शब्द एकही गाळला नाही. प्रीतम मांडीवर ठेका धरून बसला होता. मग अखेरचे कडवे आले:

‘इंदू सांगे, ऐका बायांनो, हात गेला, हाक राहिली.’

त्याचा ठेका थांबला. पहिल्या रांगेतून माणिकबाई नावाची म्हातारी ओरडली, “काहून रे प्रीतम, आवाज तर तुयाच हाये! का कॅसेटलेबी भ्रम झाला?”

विहारात हशा उसळला. असे गोड हसू मी जन्मात ऐकले नव्हते.

प्रीतम उठला आणि खांद्यावरची शाल काढून इंदूबाईच्या अंगावर घालू लागला. तिने त्याचा हात धरला.

“उतरवलेली शाल मले नोको, बाप्पा. माइकवर जाय. आठही गाणे म्हण, माया नावानं. आमी बसून हावो.”

तो गायला. प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्याला तिचे नाव घ्यावे लागले. पाचव्या गाण्याला त्याचा गळा बसला. इंदूबाईने “पुरे” म्हटले नाही, आणि मीही म्हटले नसते.

नत्थुजींनी मला बाहेर काढताना माझी फीत तुटली. आता मी कधी वाजणार नाही.

मित्रांनो, जुन्या कॅसेटींना उन्हापासून आणि धुळीपासून जपा. गाणे म्हणाल तर अखेरचे कडवेही म्हणा आणि त्यातील नाव जसेच्या तसे ठेवा. ज्यांना हे नाव बदलण्याचा मोह होईल, त्यांनी समजून असावे: माझ्या बहिणी घरोघरी पडून आहेत, आणि वाट पाहण्याचा त्यांना कंटाळा येत नाही.