बाईंच्या पायाखालचा चौरंग

मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. चार आखूड पाय, वर एक जाड फळी आणि त्या फळीवर झिजून उमटलेल्या दोन तळव्यांच्या खुणा, एवढाच माझा थाट. पण मला कमी लेखू नका. मी देशाच्या संसदेत वर्षानुवर्षे काढली आहेत, तीही निवडून न येता आणि तोंडातून अवाक्षर न काढता. तोंडातून अवाक्षर न काढणारे तिथे आणखीही काही जण होते, पण ते बिचारे निवडून आलेले होते.

माझा जन्म एका भांडणातून झाला. एकदा सभागृहात असा गदारोळ माजला की मागच्या रांगेतल्या एका बाकाची पाठच मोडली. तो बाक तळघरातल्या सुतारकाकांकडे आला. चांगले लाकूड फेकून देणे काकांच्या जिवावर येई. ते त्याच्याकडे बघत कंबरेवर हात ठेवून उभे होते, तेवढ्यात दारात बाई आल्या.

बाई म्हणजे नव्याने निवडून आलेल्या खासदार. उभा जन्म नदीकाठच्या शाळेत शिकवण्यात गेलेला, म्हणून संसदेतही सगळे त्यांना बाईच म्हणत. चणीने एवढ्याशा.

"काका, मी उभी राहिले तरी अध्यक्षांना वाटतं, बसलेलीच आहे," बाई म्हणाल्या. "यावर काही तोड आहे का?"

"तुमच्या पुढच्या बाकावर कोण बसतं?"

"मनोरा."

"मग अध्यक्षांचा काय दोष?" काका हसले आणि त्यांनी करवत उचलली.

मनोरा हे विरुद्ध पक्षाच्या एका उंचनिंच खासदारांचे टोपणनाव. ते उभे राहिले की मागच्यांच्या वाट्याला फक्त त्यांचा कोट येई. आणि त्या सभागृहाची रीत तर अशी, की ज्याला बोलायचे असेल त्याने आपल्याच जागेवर मुकाट्याने उभे राहायचे. हाका मारायच्या नाहीत, हात हलवायचे नाहीत. अध्यक्षांची नजर ज्याच्यावर पडेल त्याला बोलायला मिळे. गोंधळ घालताना ही रीत कोणी पाळत नसे; बोलायचे असले की मात्र पाळावी लागे.

अशा रीतीने मी बाईंच्या पायाखाली रुजू झालो. मित्रांनो, तुम्ही संसद पाहाल ती वरून, सज्जातून. मी पाहिली ती जमिनीवरून. मला कोणाचा चेहरा दिसत नसे, दिसत ते पाय. टेबलावर मूठ आपटून गरजणाऱ्या मंत्र्यांचे पाय खाली चळचळा कापताना मी पाहिले आहेत. एक ज्येष्ठ नेते बूट काढून निवांत डुलकी घेत आणि मतदानाची घंटा झाली की दोन्ही पाय एकाच बुटात घालायला बघत. बाई चप्पल बाजूला काढून अनवाणी माझ्यावर उभ्या राहत. बोलण्याआधी त्यांचा उजवा अंगठा माझ्या फळीवर गोल गोल फिरे. त्यांना भीती वाटते हे साऱ्या देशात फक्त मला माहीत होते, आणि त्याचा मला फार अभिमान वाटे.

आता त्या दिवसाचे सांगतो. जलवाहतुकीच्या कायद्यावर चर्चा व्हायची होती आणि त्याच संध्याकाळी मतदान. बाईंना त्यात एकच ओळ घालून हवी होती: शाळेच्या मुलांना नदीपार नेणाऱ्या प्रत्येक होडीत प्रत्येक मुलासाठी तरंगते जाकीट असलेच पाहिजे. त्यांच्या शाळेची होडी एकदा भर प्रवाहात उलटली होती. जवळच मासेमार होते, म्हणून सगळी मुले वाचली. "दर वेळी मासेमार जवळ असतीलच असं नाही," असे बाई भेटेल त्याला सांगत. पण ती ओळ चर्चेत उभे राहून मांडावी लागणार होती. नाही मांडली, तर कायदा तिच्यावाचूनच होणार.

आणि नेमके सकाळीच विघ्न आले. कसल्याशा उत्तरावरून मनोऱ्यांच्या पक्षाने घोषणा सुरू केल्या. सगळे फलक नाचवू लागले. मनोऱ्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे! आधीच ताडमाड माणूस, तो मागे वळला, त्याने मला ओढून घेतले आणि तो माझ्यावर चढला. फलक थेट दिव्यांना टेकला. माझा एक पाय कडकन वाजला. अध्यक्षांनी कामकाज तहकूब केले आणि म्हणाले, "ती वस्तू आधी बाहेर काढा!"

वस्तू म्हणजे मी. मार्शलनी मला उचलले आणि दाराजवळच्या आपल्या टेबलावर ठेवले. बाई मागोमाग आल्या.

"अहो, तो माझा आहे. मला आज बोलायचंय."

"बाई, मला कळतं हो. पण हुकूम आहे, संध्याकाळपर्यंत आत नेता येणार नाही."

बाईंनी माझ्या फळीवरून एकदा हात फिरवला आणि त्या आत गेल्या. मला रडता आले असते तर मी तिथेच रडलो असतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर चर्चा सुरू झाली. टेबलावरून मला सारे सभागृह दिसत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! पण पाहतो तर काय, बाई मनोऱ्यांच्या पाठीमागे उभ्या होत्या आणि अध्यक्षांची नजर वरच्या वर निघून जात होती. एक सदस्य बोलून बसला, दुसरा बोलून बसला. दर वेळी बाई टाचा उंचावून उभ्या राहत आणि पुन्हा खाली बसत. मनोरे एकदा सहज मागे वळले. त्यांनी बाईंकडे पाहिले, मग त्यांच्या पायांखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आता शेवटचे एकच सदस्य," अध्यक्ष म्हणाले.

मनोरे ताडकन उभे राहिले. त्यांच्यावर नजर न पडणे शक्यच नव्हते.

"बोला."

"अध्यक्ष महोदय, मला बोलायचं नाहीये. माझ्यामागे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसावं, म्हणून उठलोय." असे म्हणून ते बाकावरून निघाले आणि भिंतीला जाऊन टेकले. त्यांच्या पक्षाच्या नेत्यांनी डोळे वटारले. मनोऱ्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

अध्यक्षांनी चष्मा सावरला. "अहो बाई, तुम्ही केव्हापासून उभ्या आहात?"

"जेवल्यापासून, महोदय."

सभागृह खो खो हसले आणि मग गप्प झाले, कारण बाई बोलू लागल्या होत्या. मित्रांनो, त्यांचे बोलणे मी कितीदा तरी ऐकले होते, पण बोलताना त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्या होडीतल्या मुलांची नावे हजेरी घ्यावी तशी सांगत होत्या. प्रत्येक नावानंतर जरा थांबत होत्या, जणू "हजर" म्हणून उत्तर येणार होते. संध्याकाळी ती ओळ कायद्यात गेली. हात वर करणाऱ्यांत डोळे वटारणारे नेतेही होते.

मनोऱ्यांनी मला स्वतः उचलून तळघरात नेले. सुतारकाकांनी त्यांना चांगले फैलावर घेतले. "एवढी उंची काय कमी पडली होती तुम्हाला?" मनोरे खालमानेने उभे राहिले आणि माझा पाय पक्का बसेपर्यंत त्यांनी मला धरून ठेवले.

पुढे बाई थकल्या, घरी गेल्या. नव्या सभागृहात बटण दाबले की अध्यक्षांच्या समोर नाव उमटते. माझी गरज उरली नाही. मी आता कोठारात तुटक्या खुर्च्यांच्या सोबतीने पडून आहे. दुरुस्त केलेला पाय पुन्हा हलतो. कोणी एक खिळा ठोकला, तर मी अजून कोणालातरी हातभर उंच करीन. तेवढे कराल का?

आणि जमले तर आणखी एक करा. तुम्ही वाढाल, उंच व्हाल, मोठ्या सभांमध्ये बोलायला उभे राहाल. तेव्हा तोंड उघडण्याआधी एकदा मागे वळून बघा. कोणीतरी जेवल्यापासून उभे असेल.