शिंपले कोणत्या डब्यात?

मी प्रश्नांचं पुस्तक बोलतोय. दक्षिण कोरियाचं नागरिक व्हायचं असलं की मुलाखतीआधी मला पाठ करावं लागतं. राष्ट्रगीत, निवडणुका, कायदे, सणवार, अगदी कचरा कसा वेगळा करायचा हेही माझ्यात आहे.

योसू बंदरातल्या एका छोट्या खानावळीत मी राहतो. तिथे तिसऱ्या या शिंपल्यांच्या रश्शातल्या शेवया मिळतात, म्हणून माझ्या पानांना समुद्राचा वास येतो. व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली लिएन ही माझी तिसरी मालकीण. पहिल्या मुलाखतीत ती राष्ट्रगीताच्या दुसऱ्याच ओळीला घाबरून गप्प झाली. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की अर्ज रद्द.

तिची सासू मालजाबाई तिसऱ्या धुता धुता तिला प्रश्न विचारायची. उत्तरं सासूलाही येत नसत.

"मला कुणी काही विचारलं नाही बाई. जन्मले आणि झाले नागरिक. तुलाच का हा ताप?"

"विचारू देत, आई. आपली पोरगी तापाने फणफणली तेव्हा डॉक्टरांना मला धड सांगता आलं नव्हतं. आणि उद्या मत द्यायचं तर कुणाला नि कशासाठी, हे कळायला नको?"

मालजाबाईने रिकामे शिंपले ओल्या कचऱ्यात ओतले.

"आई, पान तेवीस. जनावरांना खाता येईल तेच ओल्यात. शिंपले साध्या कचऱ्याच्या पिशवीत."

"वीस वर्षं इथेच टाकतेय मी."

"म्हणूनच समोरचे काका वीस वर्षं ओरडतायत."

मुलाखतीच्या दिवशी मी लिएनच्या पिशवीत होतो. या वेळी राष्ट्रगीत तिने पूर्ण म्हटलं. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, "शेजारी चुकीच्या डब्यात कचरा टाकत असेल तर काय कराल?"

तिने पिशवीकडे, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"साहेब, शेजारी नाही, माझी सासूच टाकते. मी रोज समजावते. ऐकत नाही, पण रोज मला प्रश्न विचारायला बसते."

साहेब हसले आणि त्यांनी पुढचं विचारलंच नाही. लिएन पास झाली.

आता माझी शिवण उसवली आहे, तरी मी मजेत आहे. मासळीबाजारातल्या एका मैत्रिणीला लिएन मला देणार होती. मालजाबाईने मला धरूनच ठेवलं. "पुढच्या आठवड्यात ने म्हणावं. माझी अजून दहा पानं राहिलीत."

ज्यांना कुणी कधी काही विचारलं नाही, त्यांनीही मला एकदा उघडावं, एवढीच माझी विनंती. काल मालजाबाईने, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, शिंपले साध्या पिशवीत टाकले. मी पाहिलं.